बुडालेल्या जहाजांची नोंदवही

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा मोखाडा तालुक्याच्या कातळातून वाट काढीत खाली उतरते आणि अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. जव्हार-मोखाड्यातील शाळकरी पोरालाही ही नदी ठाऊक असते. याच नावाची एक आगबोट होती, हे मात्र या दोन तालुक्यांत फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे १८८५ मध्ये बांधलेली आणि मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या मालकीची ‘वैतरणा’ कच्छमधील मांडवी ते मुंबई अशा फेऱ्या करी. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून उतारूंनी तिचे नाव ‘वीजळी’ पाडले होते. नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वादळात सापडली आणि सातशेच्या घरात माणसांसह नाहीशी झाली. पुराणातली वैतरणी मेल्यावर ओलांडावी लागते; या वैतरणेने मात्र जिवंत माणसे पोटात घेतली. गुजरातेत तिच्यावर गाणी झाली, कादंबरी झाली. परंतु तिचा सांगाडा समुद्रतळावर नेमका कोठे पडला आहे, याची खातरजमा काही झाली नाही.

मराठी मुलुखाची अशीच जखम म्हणजे ‘रामदास’. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढी अमावास्येला घरी परतणारी ही माणसे बहुतांशी कोकणातली होती. त्याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी १९२७ मध्ये एकाच दिवशी वादळाने गिळल्या होत्या. या बोटींची निदान नावे तरी राहिली. त्यांच्याआधी शतकानुशतके या किनाऱ्यावर जी गलबते, शिबाडे आणि फिरंगी जहाजे खडकांवर आपटून फुटली, त्यांची ना नावे शिल्लक आहेत, ना संख्या. ज्या राज्याने आपल्या सागरी परंपरेचा अभिमान सदैव मिरवला, त्या राज्यापाशी आपल्याच समुद्रात काय बुडाले आहे याची एक साधी, सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असू नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

या हेळसांडीचे कारण म्हणून समुद्राच्या खोलीकडे बोट दाखविले जाते. वास्तविक जहाजांचा मोठा शत्रू खोल समुद्र नव्हे, किनारा होय. जहाजे फुटतात ती बंदराच्या तोंडाशी, खडकांच्या माळेवर, नदीमुखातील वाळूच्या दांड्यावर. त्यामुळे जुन्या जहाजांचे कित्येक अवशेष अशा ठिकाणी असतात, की जेथे पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेला सामान्य पाणबुड्या सहज पोचू शकतो. पाण्यात दर दहा मीटरला शरीरावर हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाच-सहा मीटरांवर हा दाब बेताचा असतो, एका नळकांड्यावर बराच वेळ काम करता येते आणि वर येताना खोल बुडीइतका धोका नसतो. अर्थात उथळ पाण्याचे स्वतःचे उपद्रव आहेत. लाटांची ओढ तळापर्यंत पोचते, पाणबुड्याला ती खडकावर आदळू शकते, आणि पावसाळ्याचे चार महिने तिकडे कोणी फिरकू शकत नाही. शिवाय जेथे अभ्यासकाचा हात पोचतो, तेथे चोराचाही पोचतो.

उथळ पाण्यातील अवशेष काय देऊ शकतात, याचे उत्तर गोव्याच्या समुद्रात मिळाले आहे. मुरगावच्या बाहेर सुंची नावाचा खडक आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथे बुड्या मारल्या. खोली तीन ते सहा मीटर, म्हणजे गावच्या विहिरीइतकीच. या पाण्यात त्यांना सतराव्या शतकातील एका पोर्तुगीजकालीन जहाजाचा माल सापडला: लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, ब्रह्मदेशातील मार्तबान बंदराच्या नावाने ओळखले जाणारे मोठे रांजण, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा हिंदुस्थानात होत नाही. म्हणजे एका बाजूला आफ्रिकेचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला चीन व ब्रह्मदेश, यांच्यामधला सारा व्यापार गोव्याच्या तोंडाशी एका खडकावर येऊन सांडला होता. पाठ्यपुस्तकात ‘पोर्तुगीजांचा सागरी व्यापार’ या मथळ्याखाली चार ओळी असतात, त्या ओळींचा अर्थ पाणघोड्याच्या एका दाताने अधिक स्पष्ट होतो.

त्याच गोव्यात सेंट जॉर्ज खडकाजवळचा शोध तर मराठी माणसाच्या डोक्यावरच्या छपराशी जाऊन भिडतो. तेथे एका जहाजाबरोबर बुडालेली कौले मिळाली आणि त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याचे नाव व १८६५ हे साल उठविलेले होते. तेवढ्यावरून जहाज त्या सालानंतर बुडाले, हे निश्चित झाले. जी मंगलोरी कौले कोकणातल्या घरांवर आणि पालघरच्या डोंगरी शाळांवर चढली, ती समुद्रमार्गाने कशी हिंडत होती, याचा हा पुरावा होय. या कौलांना बाजारात कोणी फुटकी कवडी देणार नाही. परंतु एखाद्या हौशी पाणबुड्याने त्यांतले साल असलेले एकच कौल आठवण म्हणून उचलून नेले असते, तर त्या जहाजाचा काळ ठरविण्याचा सर्वांत सोपा आधार त्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसला असता. बुडालेल्या जहाजाचे मोल त्यावरील वस्तूंत जितके असते, तितकेच त्या वस्तू कोठे, कशाखाली आणि कोणत्या दिशेने पडल्या आहेत यात असते. तोफेचे तोंड कोणीकडे आहे, तळाचे दगडी वजन कसे पसरले आहे, यावरून जहाज कोणत्या अंगावर कलंडले ते कळते. वस्तू उचलली, की वाक्यातला शब्द खोडला जातो.

आता या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाचा उद्योग पाहावा. भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही युद्धनौका पोलंडमध्ये बांधली गेली, १९८५ च्या डिसेंबरात नौदलात रुजू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळावर बसवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती निर्माण करण्याचा प्रकल्प पर्यटन महामंडळाने हाती घेतला आणि केंद्राने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. या कल्पनेला नाके मुरडण्याचे कारण नाही. स्वच्छ केलेले जहाज तळावर बसले, की त्याच्या आडोशाने मासे येतात, शिंपले चिकटतात. शिवाय जिवंत प्रवाळांवर पाय देऊन फोटो काढून घेणाऱ्या पर्यटकांना दुसरीकडे वळविता येते. मालवणच्या समुद्राला अशा उसंतीची गरज आहे. तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रामुळे आणि त्यानंतर फोफावलेल्या धंद्यामुळे स्कूबा हा शब्द आता कोकणातल्या खाणावळवाल्याच्याही तोंडी रुळला आहे. या धंद्याला किती शिस्त हवी, हे २०२२ च्या मे महिन्यात बुड्या मारून परतणाऱ्या पर्यटकांची नौका तारकर्लीजवळ उलटून दोघे दगावले तेव्हा दिसलेच.

प्रश्न ‘गुलदार’चा नाही, त्या प्रकल्पाच्या आधी काय व्हावयास हवे होते याचा आहे. ज्या जहाजाचा प्रत्येक खिळा कागदावर नोंदलेला आहे, ते बुडवून त्याला संग्रहालय म्हणावयाचे आणि ज्यांचा कागद समुद्रानेच आपल्या पोटात ठेवला आहे, त्यांच्याकडे पाठ फिरवावयाची, असा हा उलटा संसार आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या आसपास समुद्रविज्ञान संस्थेने काही शोध घेतला आहे. तो आस्थेवाईक अभ्यासकांचा शोध आहे. राज्याचे धोरण नव्हे.

इंग्लंडचा समुद्र थंड आणि गढूळ असतो. उन्हाळ्यातही जाड रबरी पोशाखावाचून त्यात फार वेळ टिकाव लागत नाही, आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताच्या पलीकडचे दिसत नाही. तरीही त्या देशाने १९७३ मध्ये जहाजांच्या अवशेषांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. महत्त्वाचा अवशेष नेमून द्यावयाचा आणि परवान्यावाचून तेथे बुडी मारू द्यावयाची नाही, असा त्याचा दंडक. पण कुलूप लावून तो देश थांबला नाही. प्लिमथजवळ १६९१ मध्ये बुडालेल्या ‘कॉरोनेशन’ या युद्धनौकेच्या जागी पाणबुड्यांसाठी ठरावीक वाट आखली गेली. परवाना घेतलेला कोणीही त्या वाटेने जाऊन तोफा व नांगर पाहू शकतो. उचलू शकत नाही. १५४५ मध्ये बुडालेली ‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर काढण्यात आली, त्यामागच्या वर्षानुवर्षांच्या पाण्याखालील उत्खननात शेकडो हौशी स्वयंसेवक पाणबुडे राबले होते. सुटीच्या दिवशी बुड्या मारणाऱ्या साध्या नागरिकांना पुरातत्त्वज्ञांनी मोजमाप शिकविले, आणि ज्यांच्यापासून अवशेषांना धोका होता त्यांच्यातूनच रखवालदार तयार झाले.

थंड समुद्राचा एक फायदा मात्र हिंदी महासागराला मिळणार नाही. लाकूड पोखरणारे जे जीव उष्ण पाण्यात माजतात, त्यांचा बाल्टिकसारख्या थंड व कमी खारट समुद्रात सहसा शिरकाव होत नाही. म्हणूनच स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ मध्ये बुडालेली ‘वासा’ १९६१ मध्ये जवळजवळ अख्खी वर आली. अरबी समुद्रात उघडे पडलेले लाकूड थोड्याच वर्षांत चाळणीसारखे होते. जे टिकते ते गाळाखाली गाडले गेलेले. म्हणून येथे गाळ हलविणे, मग ते मासेमारीच्या ओढजाळ्याने असो वा बंदराच्या उपसणीने, हाच अवशेषांवर मोठा घाव ठरतो.

भारतीय कायद्याची स्थिती याबाबत अर्धवट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील वस्तू पुरावस्तू ठरते. ती पाण्यात सापडली म्हणून तिचे पुरावस्तूपण जात नाही. परंतु नौवहनाचे कायदे, १९५८ चा काय किंवा त्याच्या जागी २०२५ मध्ये संमत झालेला काय, बुडालेल्या जहाजाकडे मुख्यतः हरवलेली मालमत्ता किंवा वाहतुकीतील अडथळा म्हणून पाहतात. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालील वारशासाठी करार केला. अवशेष शक्यतो जागच्या जागी राखावेत, त्यांचा व्यापार होऊ नये आणि धक्का न लावता पाहणाऱ्यांना मात्र उत्तेजन द्यावे, ही त्याची मुख्य सूत्रे. भारताने त्यावर अद्याप संमतीची मोहोर उमटविलेली नाही. त्याच वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने पाण्याखालील पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग काढला. मध्यंतरी तो जवळपास विझला होता आणि २०२५ मध्ये द्वारकेच्या शोधाच्या निमित्ताने त्यात पुन्हा जीव घातला गेला. द्वारकेला पाणबुडे गेले, हे चांगलेच झाले. पण पुराणातील नगरी शोधण्यास जी तत्परता लाभते, ती इतिहासातील गलबतांच्या वाट्याला क्वचित येते.

हे सारे मालवण-गोव्याकडचे झाले; पालघर जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न जव्हारच्या शिक्षकाने विचारल्यास तो गैर नाही. तळ कोकणासारखा येथला समुद्र नितळ नाही. खंभातच्या आखाताचा गाळ आणि भरती-ओहोटीचा जबर ओढा यांमुळे डहाणू-अर्नाळ्याच्या पाण्यात बुडी मारणाऱ्याला तळ दिसण्याची आशा थोडी. पर्यटनाचा धंदा येथे चालणार नाही. परंतु हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली, तर जो गाळ डोळ्यांना आड येतो, तोच लाकडाला झाकून ठेवतो. आणि हा किनारा इतिहासाने दरिद्री नाही. सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आगाशीला जहाजबांधणीचा लौकिक होता. वसई, अर्नाळा, केळवे, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची माळ १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत आणि पुढेही गलबतांच्या राबत्याने गजबजलेली होती. जव्हार संस्थानची तिजोरी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत जंगलाच्या उत्पन्नावर पोसली गेली होती, आणि सागाचे अखेरचे गिऱ्हाईक पुष्कळदा समुद्रावरच असे. सुरतेच्या स्वारीस जाताना १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. डोंगर आणि दर्या यांचे खाते त्या काळी वेगळे नव्हते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा शासनानेही ते एकाच वहीत बांधले.

या समुद्रतळाचा प्रश्न आता तातडीचा झाला आहे, तो वाढवण बंदरामुळे. डहाणूजवळच्या या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ऑगस्टात भूमिपूजन झाले आणि खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. चौदाशे हेक्टरांहून अधिक समुद्र त्यासाठी भरून काढावयाचा आहे. मच्छीमारांनी आपल्या पोटासाठी या बंदराशी दीर्घकाळ झुंज दिली आहे. तो वाद मोठा आहे आणि त्याचा निवाडा या लेखाच्या कक्षेतला नाही. बंदर हवे म्हणणारा आणि नको म्हणणारा या दोघांनाही मान्य व्हावी अशी एक गोष्ट मात्र आहे. भराव पडला, की त्याखाली जे काही असेल ते कायमचे गेले. बंदर बांधणाऱ्याला समुद्रतळाची ध्वनिलहरींनी मोजणी करावीच लागते. त्या मोजणीच्या पट्ट्या पुरातत्त्वज्ञाच्या डोळ्यांखालून घालावयास वेगळी बोट लागत नाही, वेगळे इंधन लागत नाही. जेथे तळाचा आकार संशयास्पद वाटेल तेथे पाणबुडे उतरवावेत आणि निष्कर्ष जनतेसमोर ठेवावेत. सत्तर हजार कोटींच्या अंदाजपत्रकात याचा खर्च शोधावयास भिंग लागेल.

किनाऱ्यावरच्या मांगेला आणि कोळी बांधवांना विचारल्यास मोजणीचे निम्मे काम हलके होईल. डोल लावणाऱ्या तांडेलाला जाळे कोठे अडकते, कोठे फाटते, हे वडिलांपासून ठाऊक असते. त्या जागा तो किनाऱ्यामागच्या डोंगरांच्या खुणा एका रेषेत धरून ओळखतो. जव्हारच्या सूर्यास्ताच्या ठिकाणावरून डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो. समुद्राकडून पाहणाऱ्यालाही असे सुळकेच वाट सांगतात. ही माहिती कोणत्याही नकाशात नाही आणि नव्या पिढीच्या हाती उपग्रहाचे यंत्र आल्यामुळे ती झपाट्याने विसरली जात आहे.

यावर सर्वांत जळजळीत आक्षेप येईल तो जव्हार-मोखाड्यातूनच. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये साऱ्या महाराष्ट्राची मान खाली घातली. त्यानंतरही कुपोषणाचे नाव या दोन तालुक्यांना चिकटूनच राहिले. मोखाड्यातील मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी पुरवू शकते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जेथे हंडाभर पाण्याची भ्रांत, तेथे पाण्याखालच्या जहाजांच्या गोष्टी कोणी सांगाव्यात? आक्षेप खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देता येणार नाही. एवढेच म्हणता येते, की जहाजांची नोंद न केल्याने मोखाड्याला एक घागरही जास्त मिळालेली नाही. वारशाच्या आणि पर्यटनाच्या नावाने कोट्यवधी रुपये खर्च होतच आहेत. ते कशावर व्हावेत आणि त्यांतून रोजगार कोणाच्या हाती पडावा, हा मुद्दा आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना डाभोशाच्या धबधब्याखालचा डोह पार करता येतो. पण शास्त्रशुद्ध पाणबुडीचे शिक्षण त्यांच्या स्वप्नातही येत नाही, कारण त्या शिक्षणाचे शुल्क शहरी हौशी लोकांच्या खिशाकडे पाहून ठरते. आदिवासी विकास विभाग पोलीस आणि सैन्यभरतीपूर्व प्रशिक्षणावर खर्च करतो. त्याच धर्तीवर जव्हारच्या प्रकल्पातून दरवर्षी दहा-वीस मुलामुलींना तारकर्लीला पाठविण्यास कोणता नियम आडवा येतो? बंदरे, धरणे, पूल, सागरी तेलविहिरी या सर्वांना पाणबुड्यांची गरज असते. पुरातत्त्वाचे काम त्यांतले एक. मध्य वैतरणेच्या धरणाची पाण्याखालची तपासणी मोखाड्याचाच मुलगा करतो आहे, हे दृश्य अशक्य कोटीतले नाही.

नोंदवहीचे काम राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने अंगावर घ्यावे, समुद्रविज्ञान संस्थेने आणि सागरी मंडळाने त्याला हात द्यावा. जुनी वृत्तपत्रे, बंदरखात्याची दप्तरे, पोर्तुगीज आणि पेशवे दप्तरातील गलबते फुटल्याच्या नोंदी यांपासून आरंभ करता येईल. त्यासाठी पाण्यात पाऊलही टाकावे लागत नाही, आणि इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विषय मिळत नाहीत ही ओरड तरी थांबेल. जागांचे नेमके अक्षांश-रेखांश गुप्त ठेवावेत, जहाजांची कथा मात्र प्रसिद्ध करावी. मग ज्या थोड्या जागी पाणी नितळ आहे, तेथे राखणदारासह पाहणाऱ्यांसाठी वाट आखावी. या क्रमाने गेले, तर ‘गुलदार’ही शोभून दिसेल, नवख्या पाणबुड्याने हात बसवावा तो तिच्यावर, आणि मगच त्याला एखाद्या जुन्या गलबतापाशी न्यावे. वाढवणच्या समुद्रात मात्र हा क्रम लांबविण्याइतकी सवड नाही. तेथे बोटी भरावाचे दगड घेऊन आल्या, की त्यांच्यापुढे नोंदवही धरण्यात अर्थ उरणार नाही.